स्पीकरवाल्या वहिनी

आमच्या गल्लीत लग्ना-बारशांना स्पीकर भाड्यानं देणाऱ्या वहिनी साधं "चहा झाला का?" विचारतात, तेही चौकापर्यंत ऐकू जातं.

मी अंध मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करते. परवा दुपारपर्यंत इतिहासाचा धडा पाठवायचा होता आणि नवा माईक लावूनही आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. शेवटी वहिनींना बोलावलं. त्यांनी माईकवर टिचकी मारली. स्क्रीनवरची आवाजाची पट्टी ढिम्म. मग लॅपटॉपवर मारली, तर पट्टी उडाली.

"बाई, तुम्ही ह्याच्यात बोलताय आन् ऐकतोय त्यो लॅपटॉप की!"

सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी नवा माईक निवडला. आवाज लख्ख झाला.

मी वाचायला लागले, तोच दाराशी भंगारवाला ओरडला. वहिनी तरातरा बाहेर गेल्या. आता जुंपणार, म्हणून मी वाचायची थांबले. पण वहिनी ओठांवर बोट ठेवून चक्क कुजबुजल्या, "पावणं, जरा दमानं. पोरांचा धडा चाललाय."

धडा संपेपर्यंत त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. पाठवण्याआधी ऐकला, तर ती कुजबूज त्यात आली होती. मी ती काढली नाही.