उत्तरेच्या भिंतीतला तडा

मी उतरलो तेव्हा फादर खाली शिडी धरून उभे होते.

“पडेल का?” त्यांनी विचारलं.

“नाही. तडा जुना आहे. आता हलत नाही.”

“मग तेवढंच लिहा. गावातल्या दोन चर्चपैकी एक बिशपच्या ऑफिसला बंद करायचंय. ते तुमच्या रिपोर्टसाठी थांबलेत.”

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. इमारत उभी राहील की नाही, हे सांगायचे मला पैसे मिळतात. पेनसिल्व्हेनियातलं हे चर्च आयरिश खाणकामगारांनी बांधलेलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ब्रिटन-आयर्लंडमध्ये गावोगावी चर्च उभी राहिली, तसंच: टोकदार कमानी, उंच उतरतं छप्पर. असं छप्पर भिंतींना बाहेर ढकलतं. म्हणून त्यांना बाहेरून दगडी टेकू देतात, त्याला बट्रेस म्हणतात. इथले बट्रेस धडधाकट होते. तड्यावरून गेलेला जुना रंग कुठेही फाटला नव्हता. भिंत हलत असती, तर आधी रंग फाटला असता.

ऑफिसात मी तसंच लिहिलं. माझा बॉस मिलिंद पुण्याचा, वयाने माझ्याहून लहान.

“संजयदादा, ‘सुरक्षित’ काढा यार. उद्या एक दगड पडला तर वकील आपल्याला धरेल. ‘वर्षभर मॉनिटरिंग करावं’ असं टाका.”

“पण गरज नाहीये.”

“गरज नसलेलं लिहिलं म्हणून कोणी केस करत नाही.”

मी शब्द काढला. नवं वाक्य खोटं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. फादरना फोन करायला हवा होता. केला नाही.

बिशपच्या ऑफिसने नेमकं तेच वाक्य उचललं. जिच्यावर वर्षभर नजर ठेवायची, त्या भिंतीखाली माणसं बसवायची कशाला? दुसरं चर्च राहिलं, हे बंद झालं. शेवटच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. फादरनी हात मिळवला. “लांबून आलात,” एवढंच म्हणाले.

पुढे ती इमारत एका क्लाइंबिंग जिमने घेतली. आत माणसं दोर बांधून भिंतींवर चढणार, म्हणून त्यांनाही इंजिनीअरचं पत्र हवं होतं. काम माझ्याकडेच आलं.

“आता बिनधास्त लिहा,” मिलिंद म्हणाला. “त्यांचा इन्शुरन्स तगडा आहे.”

मी तडा पुन्हा पाहिला. ‘भिंत सुरक्षित आहे’ असं लिहून सही केली.

हल्ली रिपोर्ट पाठवण्याआधी मी विचारतो, हे वाचून कोण काय करणार आहे? मिलिंद म्हणतो, हा इंजिनीअरिंगचा प्रश्न नाही. बहुतेक नसावा. मी तरी विचारतो.