अष्टमीचा अनध्याय

श्रीसूर्यनारायणास आणि आम्हा सर्वांचा भार वाहणाऱ्या पृथ्वीमातेस वंदन करून, महाविद्यालयाच्या पर्यावरण मंडळाने आपल्या अंकासाठी एक आठवण मागितली, त्या निमित्ताने हे लिहीत आहे.

पुण्यात संगणक कंपन्या एकामागून एक येत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा संस्कृत शिकवीत असे. संगणक विभागाची नवी इमारत झाली होती. तिच्या खोल्या माणसे नसतानाही थंड असत. हवामानबदलाबाबत आपणही काही करावे म्हणून विद्यार्थ्यांनी हे मंडळ काढले. त्याची प्रमुख मुलगी विदर्भातून हडपसरला आलेल्या एका कारखाना-कामगाराची लेक. तिने मला उपाय विचारला. मी पाठशाळेतला अनध्याय सांगितला : अष्टमीला पाठ बंद, पोथी बांधून ठेवायची.

"म्हणजे महिन्यातून दोनदा ऑफिशियल दांडी?" एकाने विचारले.

"दांडी विजेची," ती म्हणाली. "आपण यायचं. तेही बसने किंवा पायी."

सर्वांनी ते मान्य केले. अष्टमीला पंखे, संगणक, वातानुकूलन बंद. सगळ्यांनी अंगणात सतरंजीवर बसायचे आणि नवा पाठ न घेता जुन्याची उजळणी करायची. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारी मुले चालत येत. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पहिल्या दिवशी म्हणाले, "पंचांगाने वीज वाचते, हे निवृत्तीपूर्वी कळलं. भाग्य माझं." परंतु ते दर अष्टमीला स्कूटर घरी ठेवून येत.

तिथी काही इंग्रजी महिन्याप्रमाणे चालत नाही. नोकरीच्या मुलाखतींसाठी एका कंपनीने जो दिवस दिला, तो नेमका अष्टमीचा निघाला. प्राचार्यांनी मला बोलावले.

"शास्त्रीबुवा, अष्टमी सकाळीच संपते, असं काही निघतं का हो?"

मी पंचांग पाहिले. "नाही. सूर्यास्तानंतरही आहे."

"मग पाहुण्यांना घाम आला तर पंख्याने वारा घालायला अष्टमीलाच बोलवा."

त्या दिवशी नव्या इमारतीतली वातानुकूलन यंत्रे सुरू झाली. त्यांचे बाहेरचे डबे अंगणाच्या बाजूस होते. आतली उष्णता आमच्या अंगावर येऊ लागली. आम्ही सतरंजी भिंतीपासून दूर सरकवली. इतक्यात ती मुलगी इस्त्रीच्या कपड्यांत समोर येऊन उभी राहिली. तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला होता, हे मला ठाऊक होते.

"सर, सगळ्यांना खाली बसवलं मीच. आता मीच वर मुलाखतीला जाऊ?"

"जा."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वेळ होईल तुला. जा."

ती नमस्कार करून गेली. तिच्यामागून एकेक जण उठला. मला वाईट वाटले नाही, रागही आला नाही. घरचे कार्य आटोपल्यावर मांडव सोडताना पाहावा, तसा मी पाहत राहिलो. उजळणी चालू होती. माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता.

तिची निवड झाली. पेढे घेऊन आली तेव्हा तिने पुढची अष्टमी कधी, असे विचारले; मी वार सांगितला. त्या दिवशी तिचे कंपनीतील प्रशिक्षण होते. इतरांच्याही मुलाखती लागल्या होत्या. नव्या इमारतीच्या काचा सकाळपासून बंद होत्या. सतरंजी अंथरायला कोणी आले नाही, म्हणून मी माझ्या खोलीतच पंखा बंद करून बसलो.

पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक दारात आले. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. चालत आले असावेत.

"बिघडलाय, की बंद आहे?"

"बंद आहे."

"बरं," म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीवर बसले. 

वाचकहो, आपणास आणि आपल्या घरच्या थोरामोठ्यांस, लेकराबाळांस निरामय आयुष्य लाभो. आपल्या दारी सावली आणि घरी शीतल पाणी अखंड राहो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.