दावा लावणाऱ्याची साक्ष

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. साठच्या दशकात मी पालघरच्या एका सहकारी बँकेत नवा कारकून होतो. केळव्याची एक मासेवाली घर गहाण ठेवून होडीसाठी कर्ज मागायला आली. जुन्या उधारीपायी कोर्टात तिच्याविरुद्ध हुकूमनामा झाला होता. ते पैसे तिने नुकतेच फेडले होते. खुर्ची पुढे केली, तरी ती आपली टोपली पालथी घालून तिच्यावरच बसली. आणि साक्षीला बरोबर आणला होता तो दावा लावणारा व्यापारीच!

मला राहवेना. "बाई, ज्यानं कोर्टात खेचलं त्यालाच घेऊन आलात?"

"मंग कोनाला आनू? मी बुडवत नाय, ते याच्याइतकं कोनाला ठावं हाय?"

व्यापारी ओशाळून म्हणाला, "खरं आहे. पै न पै दिली हिनं."

"वर चा पन पाजला तुला!"

साहेबांनी मला आत बोलावून एवढंच विचारलं, "कोर्टाची भानगड आहे का?" मी "आहे" म्हणालो. 'पण फिटलंय' हे ओठावर आलं होतं. नव्या नोकरीत जोखीम कशाला, म्हणून गिळलं. कर्ज नामंजूर झालं.

पुढे ती बोईसरच्या बाजारात दुसऱ्याच्या होडीचे मासे विकताना दिसायची. माफी मागायला म्हणून एकदा मुद्दाम गेलो. तिने ओळखलं. मी आधी मासळीच मागितली. "घ्या सायब," म्हणत मूठभर सुके बोंबील वरून घातले.

मी पिशवी पुढे धरली आणि किती झाले, एवढंच विचारलं.