सुमनताईंच्या हातातलं यंत्र

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय—का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. धरणगावच्या बाजूला मी विजेच्या मीटरांचं रीडिंग घेत फिरायचो. मग हातात मावणारं एक यंत्र आलं. मीटरवरचा आकडा त्यात टाकायचा, संध्याकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडायचं, झालं. आम्ही जुनी माणसं बिचकलो. सुमनताईंनी मात्र ते मागून घेतलं. नोकरीत नव्या, माझ्याहून बऱ्याच लहान—आणि बघता बघता सगळी बटणं त्यांना पाठ! मला हेवा वाटला का? वाटला. त्याहून जास्त भीती वाटली. उद्या मला कोण विचारणार?

म्हणून—त्या ज्या गावात पहिल्यांदा यंत्र नेणार होत्या, तिथल्या चहाच्या टपरीवर मी आदल्या दिवशी जाऊन बसलो. आणि सहज बोलल्यासारखं बोललो, की हे यंत्र आपल्या मनाने युनिट वाढवतं.

दुसऱ्या दिवशी गाव दाखवायला मीच त्यांच्यासोबत. चौकात माणसं जमली. "बठ्ठं खोटं शे!"—सगळंच खोटं आहे, असं कुणीतरी ओरडलं. एकाने यंत्र हिसकायला हात घातला, त्यात ताईंचं मनगट पिरगळलं. आणि मी? मी मागे, सायकल धरून. माझ्या एका शब्दाने ते थांबले असते. मला ओळखायचे सगळे—

ताई ओरडल्या नाहीत. त्या माणसाच्याच दारात गेल्या, त्याच्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, मीटर तुमचं. आकडा तुम्हीच वाचा, बटणही तुम्हीच दाबा." तिने एकेक आकडा वाचत बटणं दाबली. यंत्रावर तोच आकडा उमटला. "बरोबर शे ना!" ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. मग लोक आपणहून बटण दाबायला पुढे येऊ लागले. सुजलेल्या मनगटाने ताईंनी अख्खं गाव पुरं केलं. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

ऑफिसात त्यांनी साहेबांना सांगितलं, "नाना सोबत होते, म्हणून निभावलं." साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

पुढे ते यंत्र मला त्यांनीच शिकवलं. माझी बोटं चुकायची, त्या वैतागायच्या नाहीत. शिकवता शिकवता एकदा म्हणाल्या, "त्या गावात असं कुणी भरवून दिलं असेल हो, नाना?"

मी म्हणालो, "लोकांचं काय, ताई. काहीही बोलतात."