डोकी अकरा

आमच्या एव्हरशाईन सिटीत भाजी घेऊन येणारे गृहस्थ कामणचे. तीन वर्षं झाली, पण एकाही फ्लॅटचा नंबर त्यांच्या लक्षात राहत नाही. "वांगी नको म्हनतात त्या ताई," असं म्हणत ते घर शोधतात. मला ही पद्धत गबाळी वाटायची.

त्यांच्या गावाजवळच्या कामणदुर्ग किल्ल्यावर आम्हां सोसायटीतल्या अकरा जणांना तेच घेऊन गेले. वर पडक्या तटाशी पोचलो तेव्हा धुकं दाटलं आणि दुसरा एक गट आमच्यात मिसळला. भाजीवाले मला म्हणाले, "भाऊ, आपली मानसं बघून घ्या."

मी पुढूनच डोकी मोजली. "अकरा. चला."

ते हलले नाहीत. एकेकाचं तोंड पाहत रांगेच्या टोकाला गेले. तिथली ओढणी घेतलेली बाई दुसऱ्या गटातली निघाली.

"भाऊ, वहिनी कुठं हायेत?"

माझी बायको रांगेत नव्हती. पाण्याच्या टाक्यापलीकडे सरळ कडा होता. ते हाका मारत धुक्यात शिरले. हाका दूर जात विरून गेल्या. मी रांगेतली तोंडं पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

बऱ्याच वेळाने ते तिला धरून घेऊन आले. पाय मुरगळून ती टाक्याशी बसली होती, कड्यापासून चार पावलांवर.

"पानी पाजलंय. आता हळू उतरू," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दारात त्यांनी विचारलं, "वहिनींचा पाय कसा हाय?" मग जिन्याकडे बघत म्हणाले, "त्या मेथीवाल्या आजी कुठल्या मजल्यावर?"

नंबर माझ्या ओठांवर होता. "चला," म्हणून मी त्यांच्याबरोबर जिना चढलो.