रोडगे करपले की जळले

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. आता सांगतो, कारण त्या जेवणाचा दोष जिच्यावर आला, तिचा त्यात काही हात नव्हता.

सत्तरच्या दशकातला उन्हाळा. माझ्या मित्राच्या मुलीला पाहुण्यांनी पसंत केलं होतं. पक्की बोलणी कन्हान नदीच्या काठी, रोडग्यांच्या जेवणावर व्हायची होती. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोनं, कणकेचे गोळे वळून दिले. विस्तव सांभाळणं आमच्याकडे पुरुषांचं काम. मित्र म्हणाला, "तुले लय समजते यातलं. तूच बस गा."

बसलो. गोवऱ्यांचा जाळ ओसरल्यावर रोडगे आत पुरले. मुलाचे वडील शेजारी येऊन टेकले आणि सहज म्हणाले, "निखारा अन् आर एकच ना जी?"

मला असं विचारायला नको होतं. मी सांगितलं, निखारा एकेकटा, चिमट्यात धरता येतो. आर म्हणजे लालबुंद झालेला सगळा थर. त्यावर राख धरली की फुफाटा. ते म्हणाले, त्यांच्या गावी सगळ्याला इंगळच म्हणतात. हे मी कसं सोडणार? त्यातून धग आणि आच निघाली, मग भाजणं आणि शेकणं.

वहिनी लांबून ओरडल्या, "भाऊजी, रोडगे करपून राहिले ना!"

"वहिनी, करपतं ते वरून. आतपर्यंत गेलं, तर जळलं म्हणायचं."

खात्री करायला मी एक रोडगा फोडला. आत कोळसा. "जळलेच," मी म्हणालो. मुलाच्या वडिलांनीही मान डोलावली. आमचं एकमत झालं तेव्हा वांग्याच्या भाजीशी खायला काही उरलं नव्हतं.

पुढं निरोप आला: आईलाच रोडगे जमत नाहीत, मुलगी काय शिकली असणार? सोयरीक मोडली. नात्यागोत्यात वहिनींचं नाव खराब झालं. विस्तवाशी कोण बसलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. मित्रही बोलला नाही, मुलाचे वडीलही नाहीत. मुलीचं लग्न नंतर दुसरीकडे झालं, पण वहिनींनी पाहुण्यांसाठी पुन्हा कधी हात कणकेत घातला नाही.

त्या गेल्या तेव्हा घाटावर मी ठरवूनच गेलो होतो. चिता पेटली. मित्राचा हात धरला. "माफ कर गा" एवढंच म्हणायचं होतं. तोच तो पुटपुटला, "दिला भडाग्नी तिले."

"भडाग्नी बिनमंत्राचा असते," मी म्हणालो. "गुरुजींनी मंत्र म्हटले ना. मंत्राग्नी म्हण."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि हात सोडवून घेतला.

माफी तेवढी राहिली.