धोंड्याच्या महिन्यात भरलेलं हेगचं कोर्ट

युद्धात गुन्हे करणाऱ्या एका राष्ट्राध्यक्षाची वकिली मी केलेली आहे, आणि तीही आमच्या सिडकोतल्या घरात, पुरणाच्या घमघमाटात.

आमच्या लॉ कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा असते. खटला खोटा, वकील खोटे, घाम तेवढा खरा. त्या वर्षीच्या खटल्यात एका काल्पनिक देशाच्या अध्यक्षानं शेजारच्या देशातल्या गावांवर तोफगोळे टाकले होते. हेगच्या कोर्टानं त्याच्यावर वॉरंट काढलं. तरी हा बाबा आरामात तिसऱ्याच देशात पाहुणा म्हणून गेला. आता त्या देशानं त्याला बेड्या घालायच्या की लाल गालिचा अंथरायचा? त्यांनी गालिचा अंथरला, आणि चिठ्ठ्या काढल्यावर त्या अध्यक्षाची बाजू माझ्या नशिबी आली. रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी थेट संविधानावर घसरणारी मी! आरशासमोर उभी राहून ‘पदावरच्या माणसाला हात लावता येत नाही’ म्हणायचे आणि स्वतःचाच राग यायचा.

स्पर्धा सोमवारी होती, आणि आदल्या शनिवारी घरी धोंडा होता. तीन वर्षांनी अधिक महिना येतो तेव्हा जावयाला घरी बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, लेक-जावयाला ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आमची रीत. एरवीही जावई दहावा ग्रह असतोच. धोंड्याच्या महिन्यात तर तो साक्षात विष्णू, आणि विष्णूला कुणी जाब विचारत नाही.

विचारण्यासारखं मात्र होतं. माझी ताई केमिस्ट्रीची एमएस्सी. वाळूजच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. रुजू कधी होणार हे विचारायला कंपनीचा फोन आला तेव्हा ती अंघोळीला गेली होती. फोन दाजींनी उचलला आणि ‘घरून हरकत आहे, ती येणार नाही’ असं सांगून ठेवूनही दिला. ताईला एका शब्दानं बोलले नाहीत. तिथं काम करणाऱ्या मैत्रिणीकडून तिला हे सगळं कळलं. तिनं आईला सांगितलं, आईनं मला, मी अण्णांना. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांची हाताची घडी तोंडावर बोट. आता ती जागा पुन्हा रिकामी झाली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव, असा मैत्रिणीचा निरोप होता.

“आज नको,” आईनं मला सकाळीच दम भरला. “जावईबापू जेवून जाऊ देत सुखानं. मग बघू.”

“मग म्हणजे कधी? जागा काय लोणच्याची बरणी हाय, झाकून ठेवायला?”

“तू गप. तुझ्या जिभेला लई धार आलीय त्या कॉलेजात.”

आमचे दाजी वाईट माणूस नव्हेत. जगाच्या राजकारणावर त्यांचा भारी जीव. कुठल्या देशानं कुणावर क्षेपणास्त्र टाकलं हे आम्हाला त्यांच्याकडून आधी कळायचं आणि बातम्यांतून नंतर. अण्णांनी त्यांचे पाय धुतले, आईनं ओवाळलं. डोक्याला टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, कपाळभर कुंकू अशा थाटात ते पाटावर बसले आणि पहिल्या धोंड्यावर तुपाची धार पडताच म्हणाले, “मग वकीलसाहेब, तयारी झाली का? आमच्यासमोर होऊन जाऊ द्या एकदा. मी जज.”

मला हसू आवरेना. हेगच्या कोर्टात टोपी-टॉवेल घातलेले न्यायमूर्ती! विरुद्ध बाजूनं बोलणारी माझी मैत्रीण तापानं पडली होती, म्हणून तिची टिपणं मी ताईच्या हातात दिली. ताई दाजींच्या शेजारच्याच पाटावर होती, लक्ष्मी म्हणून. ती तिथूनच सरकारी वकील झाली. अण्णा म्हणाले, “मग मी कोण?” त्यांना पट्टेवाला केलं. आई वाढत वाढत प्रेक्षक.

मी पदर खोचला आणि सुटले. “माय लॉर्ड, माझे अशील गादीवर बसलेले राष्ट्राध्यक्ष आहेत. गादीवर आहेत तोवर परक्या कोर्टानं त्यांना हात लावायचा नाही, ही जुनी रीत आहे. शिवाय ते पाहुणे आहेत. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या देशानं या कोर्टाच्या करारावर सहीच केलेली नाही. ज्याची सही नाही त्याला हे कोर्ट लागू कसं?”

“शांतता!” अण्णा उगाचच ओरडले. आईच्या हातातली वाटी हिंदकळली.

“अरे वा! गादीवर बसला म्हणून काय माणसं मारायचा परवाना मिळाला का?” दाजी चवताळले. “आन् पाव्हणा असला म्हणून काय झालं? बिल्कुल नाय चालणार! सरकारी वकील, तुमचं काय म्हणणं?”

ताई टिपणं वाचायला लागली. आधी शाळेतला धडा वाचावा तशी, मग हळूहळू तिचा आवाज मोकळा होत गेला. “माय लॉर्ड, अध्यक्षांच्या देशाची सही नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण गोळे जिथं पडले त्या देशाची सही आहे. गुन्हा जिथं घडतो तिथली सही असली, की कोर्टाला अधिकार मिळतो. करणाऱ्याची सही लागत नाही.”

हा मुद्दा मला सोमवारी आडवा येणार हे माहीत होतंच. मी निकरानं लढले. मोठमोठे देश हे मानत नाहीत म्हटलं, त्या कोर्टाला उलट धमक्या देतात म्हटलं, कोर्टाकडं स्वतःचा एक शिपाईसुद्धा नाही म्हटलं. दाजींनी माझे सगळे मुद्दे धोंड्यासारखे एकेका घासात संपवले.

“निकाल लिहून घ्या,” ते म्हणाले. तूप लागलेलं बोट त्यांनी वर केलं होतं. “जिथं घडलं, तिथली सही पुरते. करणाऱ्याला विचारत बसलो तर जगातला कोणता चोर सही करंल? आन् गादी, पाव्हणचार, असलं काय पण मधी आणायचं नाय. जाब द्यायलाच पायजे!”

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर माझा अशील हरल्याच्या आनंदात पाटाभोवती गिरकी घेतली. इतका छान पराभव मला परत कधी मिळाला नाही.

टाळ्या थांबल्या तरी ताई कागद खाली ठेवीना.

“माय लॉर्ड, एक अर्ज राहिलाय. वाळूजच्या कंपनीचा फोन आला तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं?”

आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू हे मीच घडवून आणलंय. देवाशपथ सांगते, मला काहीच माहीत नव्हतं. माझ्याच पाचावर धारण बसली.

“अगं, धोंड्याचा महिना हाय...” अण्णा पुटपुटले.

“पाव्हणचार मधी आणायचा नाही, असा निकाल लागलाय अण्णा,” ताई म्हणाली.

दाजी हसण्याचा प्रयत्न करत होते. “हे बघ, तुमचं हे घरचं कोर्ट. मी कुठं सही केलीय ह्याच्यावर?” माझाच मुद्दा, माझ्याच अशिलासारखा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते हेच.

“तुमची सही नकोच आहे. नोकरी माझी होती. घडलं ते माझ्यावर.” ताईचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही नको म्हणाला असता तर आपण भांडलो असतो. पण मला न विचारता माझ्या वतीनं बोललात. मला लई लागलं ते.”

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही, कारण दाजींच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं. कोर्टाकडं शिपाई नसतो हे मी वर्गात घोकलं होतं. आता समोर दिसत होतं. दाजींनी टोपी काढून हात धुतले असते, तर आमच्यापैकी कुणीही त्यांना अडवलं नसतं. अण्णांनी तर चप्पल सरळ करून दिली असती.

ते उठले नाहीत. खांद्यावरच्या टॉवेलनं कपाळ पुसलं आणि म्हणाले, “चुकलं माझं. रात्रीच्या शिफ्टचं ऐकलं आन् घाबरलो. तुला विचारलं असतं तर तू जातेच म्हणली असतीस, म्हणून विचारलंच नाय.”

“व्हय, जातेच म्हणले असते,” ताई म्हणाली.

आईनं पदराला डोळे पुसले आणि काय करावं हे न सुचून दाजींच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला. अण्णा खाकरले. त्यांना बहुधा पुन्हा ‘शांतता’ म्हणायचं होतं, पण शांतता आधीच होती.

ताईनं तिथंच पाटावर बसून कंपनीला फोन लावला. हात पुरणानं माखलेले म्हणून स्पीकरवर. पलीकडं एक बाई होती. ताईचं नाव ऐकल्यावर ती जरा थांबली.

“मॅडम, मागच्या वेळी तुमच्या घरून हरकत आली होती. ह्या वेळी घरच्यांना विचारलंय ना?”

दाजी बोलायला पुढं सरकले. ताईनं तूप लागलेला तळहात उचलून त्यांना थांबवलं. मग तिनं आमच्या सगळ्यांकडं, एकेकाकडं, नीट बघून घेतलं.

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “सोमवारी किती वाजता येऊ?”